अर्ध्याची रेघ

आर्डिथ टिमरमनने एकतीस वर्षं एल्क फोर्कच्या शाळेची बस चालवली, आणि बस एकदाही उशिरा पोचली नाही असं ती आजही ठासून सांगते. एकदा पोचली होती. मोठ्या पोरांनी एका लहानग्याची टोपी खिडकीतून भिरकावली, तेव्हा तिने भर बर्फात रस्त्याच्या कडेला बस उभी केली, किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि टोपी आल्याशिवाय चाक हलणार नाही असं सांगून विणकाम काढलं. टोपी आली. ती आणणाऱ्या दोघांचे बूट आतपर्यंत भिजले आणि शाळा भरून चाळीस मिनिटं झाली. मुख्याध्यापकांनी जाब विचारला, तर हिने त्यांनाच सुनावलं, की असल्या पोरांना मी रोज तुमच्या दारापर्यंत आणून सोडते, त्याबद्दल आधी आभार माना. तो उशीर ती धरत नाही.

बाई सहा फुटांना दोन बोटं कमी. आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. नाकावर माशी बसू द्यायची नाही. नवरा व्हर्जिल मक्याची शेती करायचा, त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा डेन्व्हरला असतो, रविवारी फोन करतो आणि पाच मिनिटांत ठेवतो, कारण सहाव्या मिनिटाला आई त्याच्या सासूवर येते. पंधरापासून पंचेचाळीसपर्यंतच्या वयाचं असं माणूस गावात सापडणं कठीण, जे तिच्या बसमध्ये बसलेलं नाही आणि ज्याने तिची बोलणी खाल्लेली नाहीत. गावात तिला मान आहे, आणि ती समोरून येताना दिसली की लोक रस्ता ओलांडतात, हेही खरं आहे.

निवृत्तीनंतर बस सुटली, पण फक्कीची गाडी सुटली नाही. मुलगा सात वर्षांचा असताना लहान पोरांचं बेसबॉलचं मैदान आखायला कोणी पुढे येईना, म्हणून एका शनिवारी तिने ती गाडी हातात घेतली. मुलगा मोठा झाला, खेळ सोडून गेला, गाव सोडून गेला. गाडी हिच्याकडेच राहिली. सव्वीस वर्षं झाली. दर शनिवारी सकाळी सात वाजता मैदानामागची खोली उघडायची, पोतं फोडायचं, गाडी भरायची आणि पांढऱ्या रेघा ओढायच्या. याचे तिला कोणी पैसे देत नाही आणि कोणी दिले असते तर तिने ते तोंडावर फेकले असते.

या सात-आठ वर्षांच्या पोरांच्या खेळात चेंडू समोरचा संघ टाकत नाही. आपलाच प्रशिक्षक आपल्या पोराला हळूच टाकतो, म्हणजे बॅटला लागेल तरी. पळण्याचे नियम मात्र मोठ्यांच्या खेळापेक्षा कडक. बॅटला चेंडू लागेपर्यंत बेसवरचा पाय उचलायचा नाही. चोरून पुढचा बेस घ्यायचा नाही. आणि चेंडू मधल्या वर्तुळात उभ्या असलेल्या पोराच्या हातात परत आला, की पंच दोन्ही हात वर करतो आणि सगळं थांबतं. त्या क्षणी जे पोर दोन बेसच्या मधोमध आखलेल्या रेघेपलीकडे गेलेलं असेल त्याला पुढचा बेस, जे अलीकडे असेल त्याने मागे जायचं. पहिल्या आणि दुसऱ्या बेसमध्ये एक, दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये एक आणि तिसऱ्यापासून घरापर्यंत एक, अशा तीन रेघा. जिथून बॅट फिरवून निघायचं आणि जिथे पोचलं की धाव लागते, ते घर. या रेघांना गावात अर्ध्याची रेघ म्हणतात. चर्चच्या पायरीवर एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन घराण्यांचं मूळ शोधत गेलं, तर ते बहुतेक वेळा एखाद्या अर्ध्याच्या रेघेवर सापडतं.

दोन बेसमधलं अंतर साठ फूट, अर्धं तीस. आर्डिथने मोजायला टेप कधी लावली नाही. तिची ढांग बरोबर तीन फुटांची. व्हर्जिलने लग्नानंतर एकदा गंमत म्हणून कोठारात मोजली होती आणि तिने ती आयुष्यभर मिरवली. दहा ढांगा टाकल्या की तीस फूट. फक्कीची खोली घराच्या मागे, म्हणून ती घरापासून सुरुवात करायची आणि तिसऱ्या बेसकडे दहा ढांगा टाकायची. मग तिसऱ्यापासून दुसऱ्याकडे, मग दुसऱ्यापासून पहिल्याकडे. म्हणजे पोरं पळतात त्याच्या बरोबर उलट दिशेने. सव्वीस वर्षांत त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही, कारण वावगं काही नव्हतंच.

गेल्या नोव्हेंबरात तिच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले होते, मार्च संपेपर्यंत वॉकर सोडू नका. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिने वॉकर गराजच्या भिंतीला टांगला आणि फक्कीची गाडी धरून चालू लागली. तिचं म्हणणं, आधाराला काहीतरी हातात असल्याशी मतलब, मग ते पांढरं सांडत गेलं म्हणून काय बिघडलं.

मे महिन्यात कर्ट लिंडक्विस्ट टेप घेऊन आला. कर्ट विमा विकतो, मुलांच्या लीगचा अध्यक्ष आहे आणि निळ्या संघाचा प्रशिक्षकही. माणूस वाईट नाही. फक्त त्याला सगळं व्यवस्थित लागतं, आणि व्यवस्थित म्हणजे त्याच्या पद्धतीने. तो फार अदबीने म्हणाला, की मिसेस टिमरमन, तुमचा त्रास वाचेल, टेप लावू आणि रंगाचा फवारा मारू, दर आठवड्याला फक्की ओढायला नको. पालक, पोरं, सगळी उभी होती.

"कर्ट, चौथीपर्यंत तू उजवा बूट डाव्या पायात घालून माझ्या बसमध्ये चढायचास," आर्डिथ म्हणाली. "पावलांच्या गोष्टी मला शिकवू नकोस."

लोक हसले. कर्टही हसला, पण त्याचे कान लाल झाले. टेप तो खोलीत ठेवून गेला आणि ती तिथे खिळ्याला लटकत राहिली.

जूनच्या शेवटच्या शनिवारी कपाचा सामना होता. निळा संघ कर्टचा, समोर नारिंगी. नारिंगी संघात विनी प्रुइट नावाची आठ वर्षांची मुलगी होती. जाड चष्मा, तो पडू नये म्हणून डोक्यामागे पट्टा, त्यावर हेल्मेट. पळताना असं वाटायचं की मुलगी एकीकडे चालली आहे आणि तिचे गुडघे दुसरीकडे. अख्ख्या मोसमात बारा सामने झाले आणि विनीची एकही धाव लागली नव्हती. संघात तेवढं एकच नाव होतं ज्याच्यापुढे धावांच्या वहीत काही नव्हतं, आणि आठ वर्षांच्या पोरांना असल्या गोष्टी तोंडपाठ असतात.

आर्डिथला ती आवडायची. कारण सांगायचं तर, सगळ्या लीगमध्ये ती एकटी नियम पाळायची. बाकीची पोरं प्रशिक्षकाने हात मागे नेला की बेसवरून सरकायला लागायची, आणि पंच मर्ल हॅवर्सन बघून न बघितल्यासारखं करायचा. विनी बेसवर बूट दाबून उभी राहायची, बॅटचा आवाज कानावर आला की मग निघायची. तोवर बाकीच्यांचं अर्धं अंतर झालेलं असायचं.

शेवटचा डाव. निळे नऊ, नारिंगी आठ. दोन गडी बाद, तिसरा बाद झाला की डाव संपणार, आणि विनी पहिल्यांदाच तिसऱ्या बेसवर. पुढच्या पोराने चेंडू मारला, तो सरपटत गेला, एका निळ्याच्या पायांतून निसटला, दुसऱ्याने उचलून भलतीकडे फेकला. नारिंगी संघाच्या आया कुंपणाची जाळी धरून ओरडत होत्या. विनी आवाज ऐकून निघाली, गुडघे चहूकडे, जीभ बाहेर. तेवढ्यात कोणीतरी चेंडू वर्तुळातल्या पोराच्या हातात दिला आणि मर्लने दोन्ही हात वर केले. विनी जागच्या जागी थांबली. हात वर झाले की पुतळा व्हायचं, हे शिकवलेलं, आणि शिकवलेलं विनी करायचीच.

मर्ल चालत आला, वाकला, तिच्या बुटांकडे आणि रेघेकडे पाहिलं. बुटांची टोकं रेघेच्या अर्धा फूट अलीकडे होती. कुंपणावरून सगळ्यांना दिसत होती. त्याने तिसऱ्या बेसकडे बोट केलं. विनी परत गेली. पुढचं पोर बाद झालं आणि सामना संपला. बरोबरीला हवी होती ती एकच धाव, आणि विनी हेल्मेट न काढता गाडीत जाऊन बसली.

नारिंगीवाल्यांची कुजबुज लगेच सुरू झाली. रेघ घराच्या फारच जवळ वाटत नाही का, असं कोणीतरी म्हणालं. आर्डिथच्या कानांना म्हातारपण लागलेलं नाही. ती तिथल्या तिथे वळली आणि सगळ्या कुंपणाला ऐकू जाईल असं म्हणाली, की रेघ तीस फुटांवर आहे, ज्याला शंका असेल त्याने सोमवारी सकाळी यावं, मी टेप लावून दाखवते, आणि मग माझी माफी मागावी, रांगेत.

सोमवारी माफी मागायला कोणी आलं नाही. आला तो मर्ल, तोही कॉफीचा थर्मास घेऊन, कारण त्याला दुसरं काम नव्हतं. मर्ल तिच्याच वर्गात होता, तिच्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठा, आणि गेली साठ वर्षं तिच्या हो ला हो करून सुखात होता. त्याने टेपचं टोक घरावर धरलं. आर्डिथ टेप ओढत रेघेपर्यंत गेली, वाकली आणि तशीच राहिली.

"किती?" मर्लने विचारलं.

तिने टेप गुंडाळली, परत लावली. मग तिसऱ्या बेसकडून लावली. तिकडून बत्तीस, घराकडून अठ्ठावीस. मग ती गाडी न धरता घरापासून दहा ढांगा चालली, मर्लला प्रत्येक पाऊल मोजायला लावलं. डावी ढांग तीन फुटांची होती. उजवी, नव्या खुब्याची, अर्ध्या हातानेही नाही, जेमतेम चार-पाच बोटांनी कमी पडत होती. पाच उजव्या ढांगांत दोन फूट गेले होते.

दुसऱ्या दोन्ही रेघाही तशाच निघाल्या. ती उलट दिशेने चालायची, म्हणून प्रत्येक रेघ पुढच्या बेसकडे सरकलेली. म्हणजे एखाद्या पोराला फायदा, एखाद्याला तोटा, असंही नाही. सगळ्या मोसमात जे पोर पळालं, त्याचंच नुकसान. विनी अर्धा फूट कमी पडली नव्हती. ती दीड फूट पुढे होती.

मर्लने थर्मासचं झाकण लावलं. तो हळू आवाजात म्हणाला, की गवत कापायचं यंत्र उद्या फिरणार, फक्की उडून जाईल, आणि हे कोणाला कळायचं कारण नाही.

"मला कळलं," आर्डिथ म्हणाली.

त्या क्षणापर्यंत ती दोन दिवस सगळ्या गावाला सांगत फिरली होती की तिची रेघ बरोबर आहे. आता तीच बाई त्याच तोंडाने, त्याच आवाजात, रेघ चुकली आहे असं सांगत फिरू लागली. पोस्टात सांगितलं, धान्याच्या कोठाराजवळ सांगितलं, चर्चच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता सांगितलं. तिची अपेक्षा होती की लोक चिडतील. लोक तिची समजूत काढू लागले. जाऊ दे गं आर्डिथ, पोरांचाच खेळ आहे. तुझं ऑपरेशन झालंय, कोण तुला दोष देईल. या समजुतीने ती जेवढी पेटली, तेवढी शंभर शिव्यांनी पेटली नसती. मी चुकले तर मला चुकले म्हणा, असं तिने चर्चमधल्या एका बाईला सुनावलं, आणि ती बिचारी बाई बटाटा हातात घेऊन बघतच राहिली.

मंगळवारी संध्याकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये लीगच्या समितीची बैठक होती. पाच माणसं, मधे कर्ट. आर्डिथ खुर्चीवर बसली नाही. तिने एकच मागणी केली: विनीची धाव वहीत लिहा, सामना नऊ-नऊ बरोबरीत धरा, पुढे काय करायचं ते करा.

कर्टकडे नियमांची पुस्तिका होती, आणि मान्य करायला हवं की पुस्तिका त्याच्या बाजूने होती. आक्षेप घ्यायचा तो पुढचा चेंडू टाकायच्या आत. मैदानावर जी रेघ आखलेली असते, तीच रेघ, दोन्ही संघांना सारखी. निकाल लागला तो लागला. त्याने हे सगळं शांतपणे वाचून दाखवलं आणि वर म्हणाला, की ती मुलं आठ वर्षांची आहेत, मिसेस टिमरमन, त्यांच्या लक्षातही नाही.

"मग कप सोडायला एवढं जिवावर का येतंय तुझ्या?" आर्डिथने विचारलं.

कर्टने पुस्तिका मिटली. आता तो अध्यक्षासारखा नाही, विमावाल्यासारखा बोलला, समोरच्याचं भलं चिंतणारा. "हे बघा, रेघ चुकली असं कागदावर आलं तर मैदान आखायचं काम तुमच्याकडे ठेवता येणार नाही. समितीला टेप आणि फवारा आणावाच लागेल. तुमची सव्वीस वर्षं आहेत. मी तुमच्याचसाठी सांगतोय, हा विषय इथेच सोडा."

घरात व्हर्जिल नाही, बस नाही, मुलगा रविवारी पाच मिनिटांचा. शनिवार सकाळचे ते दोन तास सोडले तर आर्डिथला कुठे वेळेवर पोचायचं नसतं, हे त्या पाचही जणांना ठाऊक होतं. आर्डिथलाही होतं.

"काम काढून घे," ती म्हणाली. "पण धाव लिही."

मत घेतलं. तीन विरुद्ध दोन. धाव लिहायची नाही असं ठरलं.

पुढच्या शनिवारी मोसमाचा समारोप. दुपारी हॉट डॉग, लिंबाचं सरबत, कप द्यायचा, आणि मग दोन्ही संघांची मिसळून एक गमतीची मॅच. आर्डिथ त्या दिवशी सातच्या ऐवजी सहाला आली. खोलीची किल्ली अजून तिच्याकडेच होती. तिने कर्टची टेप खिळ्यावरून काढली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मैदान टेपने आखलं. तिसऱ्या बेसपासून घराच्या वाटेवर तिने दोन रेघा ओढल्या. एक जुनी, अठ्ठावीस फुटांवरची. एक खरी. आणि दोन्हींच्या शेजारी, गवतावर, बसच्या चाकाएवढ्या अक्षरांत तिने फक्कीने लिहिलं: दोन फूट. विनी घरी पोचली होती. चूक माझी. आर्डिथ टिमरमन.

मग ती गाडी घेऊन रेघेशी उभी राहिली. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन आत येऊ लागले, आणि येईल तो त्या अक्षरांपाशी थांबू लागला. ज्याने विचारलं त्याला तिने सांगितलं. ज्याने विचारलं नाही त्यालाही सांगितलं. पोरं रेघांच्या मधे उभी राहून आपले बूट लावून बघत होती. त्यांच्या लक्षातही नाही म्हणणाऱ्याला कोणीतरी बोलवायला हवं होतं, कारण एका नारिंगी पोराने तिला जवळ येऊन मोसमातल्या आणखी चार जागा सांगितल्या, सामना आणि डाव यांच्यासकट, जिथे त्याला मागे पाठवलं होतं. आर्डिथने सगळं ऐकून घेतलं. तुझंही नुकसान मीच केलं, असं ती त्याला म्हणाली, आणि त्याने मान डोलावली, आपल्याला आधीपासून माहीत असल्यासारखी.

कर्ट आला. त्याने अक्षरं वाचली, आजूबाजूला पाहिलं आणि बुटाने पहिलं अक्षर पुसायला लागला.

आर्डिथने त्याला पुसू दिलं. पूर्ण पुसून झाल्यावर तिने गाडी फिरवली आणि तेच अक्षर पुन्हा काढलं. कर्टने दुसरं पुसलं. तिने दुसरं काढलं. त्याच्या निळ्या पँटला गुडघ्यापर्यंत फक्की लागली.

"माझ्याकडे अजून तीन पोती आहेत, कर्ट," ती म्हणाली. "आणि संध्याकाळपर्यंत मला काही काम नाही."

अख्खं गाव बघत होतं. कर्ट घामाघूम झाला होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, की तुम्ही माझी शोभा करताय. ती म्हणाली, की शोभा माझी आहे, खाली नाव माझं आहे, तुझं कुठे दिसतंय का बघ. त्याने खरंच पाहिलं. त्याचं नाव कुठेही नव्हतं.

तेव्हा मर्ल उठला. साठ वर्षं हो ला हो करणारा मर्ल, हातातला हॉट डॉग बायकोकडे देऊन कुंपणाच्या आत आला, धावा लिहिणाऱ्या बाईच्या टेबलापाशी गेला आणि वही मागितली. कर्ट म्हणाला, समितीने ठरवलंय, मर्ल. मर्ल म्हणाला, की समितीने काय ठरवायचं ते समितीने ठरवावं, पण त्या मुलीला मागे पाठवणारं बोट माझं होतं, आणि वहीवर पंचाची सही असते, समितीची नसते. मग त्याने चष्मा लावला, कोणाचं तरी पेन घेतलं, आणि विनी प्रुइटच्या नावापुढे एक धाव लिहून खाली सही केली. पेन जरा जोरात दाबलं गेलं. धावा लिहिणारी बाई म्हणाली, कागद फाडू नकोस.

आता सामना नऊ-नऊ. निळ्या संघाचे पालक एकमेकांकडे बघू लागले. निळी पोरं मात्र बॅटी घेऊन मैदानात उतरलीसुद्धा. त्यांना एवढंच कळलं होतं की अजून एक डाव खेळायला मिळणार. कर्टला ते थांबवता आलं असतं. त्याने पँटची फक्की झटकली आणि तो चेंडू टाकायला गेला. त्याने तेवढं केलं, हे आर्डिथही मान्य करते, अर्थात विचारलं तरच.

त्याआधी तिने एक काम केलं. कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली खोलीची किल्ली काढली आणि कर्टने मागायच्या आत त्याच्या हातावर ठेवली. गाडीचं डावं चाक ओढतं, ती उजवीकडे रेटून धरायची, एवढं सांगितलं. कर्ट काहीतरी बोलायला गेला. ती तोवर वळून कुंपणाबाहेर गेली होती आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा प्रेक्षकांच्या बाकावर, मर्लच्या बायकोशेजारी बसली. तिथून मैदान लहान दिसतं, असं ती म्हणाली. मर्लच्या बायकोने तिला निम्मा हॉट डॉग दिला.

निळ्यांनी त्या जादा डावात दोन धावा काढल्या. नारिंगीची पाळी आली. पहिला गडी बाद. मग विनी आली, चष्मा, पट्टा, हेल्मेट, आणि कशीबशी पहिल्या बेसवर पोचली. पुढच्या पोराच्या फटक्यावर ती दुसऱ्यावर गेली, ते पोर स्वतः मात्र बाद झालं. नारिंगीवाल्यांनी जाळी पुन्हा धरली. त्यानंतरचा चेंडू उंच उडाला, झेलणाऱ्या निळ्याच्या हातमोज्यातून सुटला, आणि विनी, आवाज ऐकून मगच, बेस सोडून निघाली. चेंडू वर्तुळात आला. मर्लचे हात वर गेले. विनी पुतळा झाली.

मर्ल चालत आला आणि वाकला. ही रेघ टेपने आखलेली होती, बोटभरही इकडे-तिकडे नाही. विनीचे बूट तिच्या एक फूट अलीकडे होते. मर्लने मान वर केली आणि बाकांकडे, आर्डिथकडे पाहिलं. जाळी धरलेले सगळेच तिच्याकडे बघू लागले. विनीही बघत होती. आठवडाभर जिच्या धावेसाठी ही बाई साऱ्या गावाशी भांडली, तिच्यासाठी आज एक फूट काय मोठा, असं तिथल्या पुष्कळांच्या मनात आलं असणार.

आर्डिथ उभी राहिली.

"मागे," ती म्हणाली. तिचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू गेला. "रेघ बरोबर आहे. मागे जा, विनी."

विनी वळली. रडली नाही, पाय आपटले नाहीत. पुढच्या चेंडूवर नारिंगीचा तिसरा गडी बाद होणार होता आणि कप पुन्हा निळ्यांकडेच जाणार होता, पण ते अजून कोणाला माहीत नव्हतं. ती सावकाश दुसऱ्या बेसपर्यंत चालत गेली, त्यावर बूट दाबला, हेल्मेट सरळ केलं. बेसवरच्या निळ्या पोराने तिच्याकडे बघून दात काढले.

"पाठवू दे मागे," विनी त्याला म्हणाली. "माझी एक धाव आहे. वहीत आहे. पेनाने लिहिलेली."

"विनी," बाकावरून आर्डिथ ओरडली, आणि शेजारी बसलेल्या मर्लच्या बायकोला तिचा आवाज जरा चिरकलेला वाटला. "तोंड बंद कर आणि चेंडूकडे बघ."